अजून वसूल झालेलं नाही

फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील. पण पुरे पैसे दिल्याशिवाय एखाद्या वस्तूला चांगलं किंवा वाईट म्हणणं हे पाप आहे, असं मानणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि नशिबानं तो माझा चुलतसासरा आहे. म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका. मूळचे पिशोरचे. शेती अजून तिकडेच आहे, एक म्हैस आणि तिची देखभाल करणारा धाकटा भाऊही तिकडेच आहे, पण नोकरीच्या निमित्तानं काका शहरात आले आणि पुंडलिकनगरात घर बांधून राहिले. नोकरी कसली, तर वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाची. आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूतला पासंग शोधून काढला. काका बाजारात शिरले की किराणावाल्यांच्या हाताला आपोआप धर्म सुचायचा आणि डाळीचं पारडं जमिनीला टेकायचं, असं काकू सांगतात. निवृत्त झाल्यावर सरकारनं वजनं काढून घेतली, पण तपासणी काही थांबली नाही. आता ते दुनियेतली प्रत्येक वस्तू तपासतात आणि शेवटी दोनच निकाल देतात. एक, "वसूल झालं." दोन, "नाय झालं." यांच्या अधेमधे तिसरा निकाल नाही, आणि वरच्या कोर्टात अपीलही नाही.

निकालासाठी अट एकच. पैसे काकांच्या खिशातून गेले पाहिजेत. "फुकटाच्या जिभेला चव नसती, जावईबापू," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. झापण्याच्या मूडमध्ये असले तरी ते मला जावईबापू म्हणूनच झापतात. माझ्याच लग्नात पंगत उठल्यावर माझ्या वडिलांनी हौसेनं त्यांना विचारलं, "जेवण कसं होतं?" काका शांतपणे उठून मांडवात गेले, आहेराचं पाकीट दिलं, नाव लिहून घेतलं की नाही हे वाकून पाहिलं, परत आले आणि म्हणाले, "आता सांगतो. जिलबी पाक प्यायलेली नव्हती." वडिलांना हसावं की रडावं ते कळेना. मी त्या वेळी नवरदेव असल्यामुळे मला दोन्ही करता आलं नाही.

शहागंजात सीताफळं घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं हा एक अनुभव आहे. बाकीचं जग चव बघायच्या नावाखाली निम्मी टोपली संपवतं आणि भाव जास्त आहे म्हणून पुढं जातं. इथं उलटं. गाडीवाला गयावया करतो, "अरे चाचा, चखो तो सही, पैसे कौन मांगरा?" आणि काका मागं सरकत म्हणतात, "नाय, नाय. आधी एकाचे पैसे घे." त्या एका फळाचे पैसे चुकते होतात, मग काका ते फोडतात, बिया हातात काढत गर खातात, डोळे मिटतात. गाडीवाला उभ्या उभ्या घाम पुसतो. आजूबाजूचे गाडीवालेही धंदा सोडून बघत राहतात. "वसूल" म्हटलं की गाडीवाला असा उजळतो, जणू पोराचं लग्न जमलं असावं. "नाय झालं" म्हटलं की तो आम्हाला ते फळ फुकट देऊ करतो, आणि काका त्यावर त्याला अर्धा तास बौद्धिक देतात.

एकदा माझे पुण्याचे मित्र आले होते, त्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेणं पाहून मंडळींची बोलती बंद झाली. एक जण तर डोळे पुसत होता. काका सगळ्यांच्या मागून हात पाठीशी बांधून फिरले, वर पाहिलं, खाली पाहिलं, एका खांबावर बोटांची टिचकी मारली, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "तिकीट वसूल झालं." मित्रांना हे फारच कोरडं वाटलं. मी त्यांना समजावलं की बाबांनो, अख्ख्या घराण्यात एवढी मोठी स्तुती अजून कुणाच्या वाट्याला आलेली नाही. बाहेरच्या टपरीवरच्या चहाचं मात्र झालं नाही.

बिस्किटांच्या बाबतीत तर काकांचा अधिकार वेगळाच. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरोघरचे पत्र्याचे डबे निघतात. त्यात मैदा, पिठीसाखर, तूप भरून गल्लीतल्या भट्टीवर जायचं आणि नंबर लावायचा. भट्टीवाला आपल्या डोळ्यांदेखत मळतो, लाटतो, छाप पाडतो, भाजतो, आणि गरमागरम बिस्किटं आपल्याच डब्यात भरून देतो. सामान आपलं, मजुरी त्याची. बायका तिथं ठाण मांडून बसतात, कारण आपलं घरचं तूप शेजारणीच्या डालड्यात मिसळलं जाईल ही धास्ती सर्वांना सारखीच. त्या बायकांच्या घोळक्यात वर्षानुवर्षं एकच पुरुष बसत आला, तो म्हणजे आमचे काका, आणि त्यांच्या मांडीवर त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. पहिलं बिस्किट भट्टीतून निघालं की काका आधी मजुरी देत, मग ते बिस्किट कानाजवळ नेऊन मोडत. "आधी कान, मंग जीभ." आवाज मनासारखा आला की अर्धं स्वतःच्या तोंडात आणि अर्धं वैशूच्या.

ही वैशू मोठी झाली, इंजिनियर झाली, पुण्याला कंपनीत लागली. बापलेकीचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. भांडण वगैरे काही नाही. फोन यायचा, काकू बोलायच्या, आणि शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हटलं की काका विचारायचे, "जेवली का?" ती म्हणायची, "हो." मग दोघंही फोनला कान लावून गप्प बसायची आणि बिल वाढायचं. मग एक दिवस वैशूनं नोकरी सोडली, ती परत आली, आणि साठवलेल्या सगळ्या पैशांतून निराला बाजारच्या मागच्या बाजूला बेकरी काढली. बेकरी म्हणजे आपली पाव-खारीची नव्हे. काचेचा दरवाजा, आत गारवा, मंद दिवे आणि दारावर असं फ्रेंच नाव की काकू अजूनही "पोरीचं दुकान" म्हणूनच वेळ मारून नेतात. तिथं बिस्किटाला कुकी म्हणतात, ती दागिन्यांसारखी काचेखाली ठेवतात, आणि एका कुकीच्या किमतीत काकूंच्या घरी आठवडाभराचा बिस्किटाचा पुडा येतो.

उद्घाटनाला अख्खं खानदान गेलं. काका गेले नाहीत. "उद्घाटनाला समद्यांना फुकट वाटणार. म्या तिथं जाऊन काय करू?" त्यांच्या हिशेबानं हे अगदी सरळ होतं, पण वैशूच्या जिव्हारी लागलं. बाकीच्यांनी दोन-दोन कुकी खाल्ल्या, चार-चार फोटो काढले आणि "मस्त, मस्त" करून घरी गेले. सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "दाजी, सगळे छानच म्हणणार. नाही कोण म्हणंल? मी एवढा भाव लावलाय, तो माझ्या कुकीचा आहे का नुसत्या काचेचा, हे मला बाबांशिवाय कोण सांगणार? त्यांनी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

तिकडे काकांचीही झोप उडाली होती. पुंडलिकनगरच्या घराच्या ओट्यावर ते मला म्हणाले, "जावईबापू, आन् नाय झालं तर?"

"तर नाही झालं म्हणा."

"पोरगी रडंल."

"मग झालं म्हणा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांच्या टेबलाखालून पाकीट सरकवलं आहे. मग म्हणाले, "तसं नाय व्हत." तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की या माणसाला खरोखर भीती वाटते आहे. सबंध शहरातल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा निरीक्षक एका बिस्किटाला घाबरून महिनाभर घरात बसला होता.

शेवटी युक्ती त्यांनीच काढली. गिऱ्हाईक म्हणून गुपचूप जायचं, पैसे देऊन एक कुकी घ्यायची, आणि वैशूला पत्ता लागू द्यायचा नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्याकडे उन्हात रुमालानं तोंड बांधून फिरणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. काकांनी नाकापासून मानेपर्यंत रुमाल बांधला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा चढवला, आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले. एवढ्या बारकाईनं आखलेल्या बेतात एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे त्यांच्या शेजारी उभा असलेला त्यांचा जावई उघड्या तोंडानं आला होता.

गल्ल्यावर वैशूच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि ओठ दाबून धरले. काकांनी आवाज बदलला. नुसता आवाज नाही, भाषाही बदलली.

"वो गोल वाला कैसा दिया?"

वैशूनं भाव सांगितला.

"किलो का?"

"नहीं अंकल, एक का."

रुमालाच्या आत काहीतरी गिळल्याचा आवाज आला. बापानं लेकीला नोट दिली, लेकीनं बापाला "थँक यू, अंकल" म्हटलं, आणि अंकल ती कुकी घेऊन कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर चढले. चढताना मला त्यांचा पाय धरावा लागला. मग अडचण उभी राहिली. रुमाल सोडला तर ओळख पटणार आणि न सोडला तर खाणार कसं? काकांनी कुकी रुमालाच्या खालून आत सरकवली. त्याआधी सवयीनं ती कानाशी नेऊन मोडली. वैशू एकदम मागं वळली आणि काचेच्या बरण्या पुसायला लागली. तिचे खांदे हलत होते. हसत होती का आणखी काही, ते मला गल्ल्याच्या या बाजूनं दिसलं नाही.

बाहेर आल्यावर काकांच्या रुमालातून निम्मी कुकी रस्त्यावर सांडली. मी विचारलं, "काय मग? झालं का?"

"समजंना," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "लोणी बाहेरदेशाचं, चाकलेट बाहेरदेशाचं. चांगल्या मालाची चव चांगलीच असती, त्यात कुणाचं काय? ह्यात पोरीचा हात कोण्ता, त्येच मला सापडंना."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, स्कूटर घेऊन या. ओट्यावर पत्र्याचा डबा तयार होता. दिवाळीचाच डबा, त्यावर ऑइलपेंटनं काकूंचं नाव. आत पिशोरच्या म्हशीचं तूप, मैदा आणि पिठीसाखर. काका म्हणाले, "सामान घरचं, हात पोरीचा. आता बघू हाताचं मोल किती व्हतंय." मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की तिथं भट्टीसारखं चालत नाही, लोक हसतील, वैशूची पंचाईत होईल. "कामून? भाजतेतच ना तिथं?" असं म्हणून ते डबा मांडीवर घेऊन बसले. या वेळी रुमाल नव्हता. तोंड उघडं, दाढी केलेली, अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

दुकानात गर्दी होती. कॉलेजच्या मुली, एक वाढदिवसाचा केक न्यायला आलेलं कुटुंब, बोटांत मोठमोठ्या अंगठ्या घातलेल्या एक बाई. काका डबा घेऊन मुकाट रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी तो त्या चकचकीत काचेवर ठेवला, ठण्णकन आवाज झाला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सामान घरचं हाय. भाजून पायजे. मजुरी काय व्हईल ती सांगा."

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. वैशूचा चेहरा लालभडक. मला वाटलं, आता ही रडते तरी किंवा बापाला हाताला धरून बाहेर काढते तरी. तिनं डब्याचं झाकण उघडलं. तुपाचा वास सगळ्या गारव्यात पसरला. तिनं तो एकदा पोटभर घेतला, झाकण लावलं आणि भट्टीवाल्याच्याच थाटात म्हणाली, "मजुरी लई आहे आमची."

"असू द्या."

"संध्याकाळी या."

अंगठ्यावाल्या बाईंनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "इथं असं करून मिळतं का हो? आमच्याकडे पण घरचं तूप आहे."

संध्याकाळी आम्ही परत गेलो. तिनं बाकी गिऱ्हाइकं आटोपली होती. काकांनी मजुरी दिली, पावती मागून घेतली आणि स्टुलावर चढले. वैशूनं पुढ्यात बशी ठेवली. साधी, गोल, बदामी रंगाची बिस्किटं. ती समोर उभी राहिली, दोन्ही हात ॲप्रनला पुसत. हात कोरडेच होते, तरी पुसत होती. काकांनी बिस्किट मोडलं, ऐकलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला घाम फुटला. मी मनात म्हणत होतो, म्हणा हो काका, एकदा म्हणा, कोण तुमची तपासणी करणार आहे?

काकांनी डोळे उघडले. "नाय झालं," ते म्हणाले.

मला इतका राग आला की मी स्टूल ओढायच्या बेतात होतो. वैशू हलली नाही. "काय चुकलं, बाबा?"

"चुकलं काय बी नाय. भाजणी बरुबर. तूप बरुबर. कान तर खूश झाला. पर कायतरी एक कमी हाय."

"काय?"

"ते सांगता येईना मला."

वैशूनं बशीतलं एक बिस्किट उचलून स्वतःच्या तोंडात टाकलं. मग म्हणाली, "उद्या या. तूप शिल्लक आहे. परत करते."

"येतो," काका म्हणाले.

तेव्हापासून ते रोज जातात. तूप संपलं की पिशोरहून नवं येतं. दुपारचं ऊन कललं की काका निघतात, पैसे देतात, एक बिस्किट खातात, "आजबी नाय झालं" म्हणतात. पण लगेच उठत नाहीत. सुरुवातीला बोलणं बिस्किटाचंच असायचं, आच कमी कर, साखर आधी चाळ. मग ते गुडघ्यावर गेलं, काकूंच्या रक्तदाबावर गेलं, पिशोरच्या विहिरीवर गेलं. एकदा मी गेलो तर वैशू तिच्या पुण्याच्या कंपनीतल्या साहेबाची नक्कल करून दाखवत होती आणि काका स्टुलावरून पडतील इतके हसत होते. या माणसाला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. जाताना तिच्या तोंडावर मात्र तेच, "नाय झालं."

शेवटी न राहवून मी वैशूला गाठलं. म्हटलं, "अगं, एवढी शिकलीस, काय कमी आहे ते सापडत कसं नाही तुला?"

"सापडलं की," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. जायफळ. आमच्या डब्यात दर दिवाळीला चिमूटभर जायफळ असायचं. या वेळी नव्हतं."

"मग घाल की! इथं एवढ्या बरण्या आहेत."

ती बिस्किटं मोजल्यासारखं करत खाली बघत राहिली. "घातलं तर वसूल झालं म्हणतील, दाजी. मग उद्या कशाला येतील?"

मी तिथून तडक पुंडलिकनगरला गेलो. काका घरात नव्हते. काकू भाजी निवडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, त्या दिवशीच्या डब्यात जायफळ घालायचं विसरलात का तुम्ही?"

"मी कशाला विसरू? डबा भरायचं काम यांचंच. जायफळबी तेच किसतेत, आमचं लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या. "त्या दिवशीबी किसलं होतं की. ताटलीत तसंच ठेवून गेले. मी म्हटलं, अहो, हे राहिलं. तर म्हणाले, राहू दे."

जन्मभर दुसऱ्यांच्या मापातलं पाप शोधणाऱ्या माणसानं आयुष्यात एकदाच माप मारलं, ते हे असं. मी त्या ओट्यावर बसलो आणि मला हसू यायला लागलं.

मी दोघांनाही काही बोललेलो नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. काका आता थकले आहेत. चार पावलं चालताना दोनदा उभे राहतात, म्हणून बहुतेक दुपारी मीच स्कूटरवरून सोडतो. परवा तर ओट्यावरून उतरताना त्यांना इतकी धाप लागली की मी म्हटलं, "काका, आज राहू द्या. उद्या जाऊ."

"नाय, नाय, चला," ते मागं बसत म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आता फार हलका लागतो. "काल थोडक्यात राहिलं व्हतं. आज व्हईल असं वाटतंय."

मी स्कूटर सुरू केली, आणि मनातल्या मनात म्हटलं, आज नको व्हायला.